सोळा डिसेंबरचा रेडिओ

बांगलादेशच्या लढाईवर पुस्तकं पुष्कळ निघाली. जनरल लोकांनी लिहिली, पत्रकारांनी लिहिली. तालुक्याच्या वाचनालयातून आणून मी ती जमेल तशी वाचली. पलटणी, नद्या, पूल, नकाशे सगळं त्यांत आहे. आमच्या गावाला मात्र ती लढाई कानानं कळली. सातारा जिल्ह्यातल्या खटाव भागात बसून ढाका किती लांब आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण गावची नऊ पोरं फौजेत होती आणि त्यांतले एक माझे धाकटे चुलते, आमचे नाना. म्हणून त्या तेरा दिवसांत रेडिओवर काय ऐकू आलं आणि काय ऐकू आलं नाही, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

गावात रेडिओ कसा आला ते आधी सांगतो. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला होता. पुणे, नाशिक, नगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली आणि तिथं शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं काढली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागायचा. तो सगळ्यांनी मिळून ऐकायचा, त्यावर बोलायचं, मग जमेल ते शेतात करून बघायचं. कल्पना मूळची कॅनडातली. आमचं गाव त्या दीडशेत नव्हतं, पण तो प्रयोग गाजला आणि पुढं गावोगाव पंचायतीला रेडिओ मिळू लागले. आमच्या चावडीत आला तो सातबाऱ्याच्या दप्तराएवढा लाकडी खोक्याचा, विटेएवढ्या बॅटरीवर चालणारा. चावडीच्या छपरावर कर्णा बसवला. दोन बांबूंमध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणून एरियल केली. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झालं तेव्हापासून तर आवाज असा खणखणीत यायचा, की विहिरीवर मोट हाणणारा माणूससुद्धा बाजारभाव ऐकायचा.

पण बॅटरी संपली की संपली. ती वरून यायची आणि वरच्यांना घाई नसायची. १९७१ च्या पावसाळ्यापासून आमचा कर्णा मुका होता. त्यात चिमणीनं घरटं केलं होतं.

दुसरा रेडिओ गुरुजींचा. कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. त्याचं लायसन्स होतं. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, दर वर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून घ्यायची. गुरुजी ती पुस्तिका हजेरीपटाबरोबर ठेवायचे. तिसरा रेडिओ दुकानदाराकडं, पण तो बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लावण्यापुरता. बाकी वेळ त्याच्यावर दोऱ्याचं विणलेलं झाकण.

लढाई व्हायची हे उन्हाळ्यापासूनच लोक बोलत होते. एक कोटीच्या आसपास निर्वासित पूर्व बंगालातून आपल्याकडं आले होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून टपालाच्या पाकिटावर निर्वासितांच्या मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागू लागलं. आमची आजी नानांना पत्र लिहून घ्यायला गुरुजींकडं जायची, तेव्हा त्या पाच पैशांवरनं तिनं पहिल्यांदा विचारलं, ‘‘ही कुठली माणसं, गुर्जी?’’ गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. आजीला नकाशा कळला नाही, पण माणसं घरदार टाकून निघालीत एवढं कळलं. पुढं त्या तिकिटाबद्दल ती कुरकुरली नाही.

३ डिसेंबर हा शुक्रवार. दत्तजयंती नुकतीच झालेली, चांदणं पिठासारखं पडलेलं. पाकिस्तानच्या विमानांनी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, थेट आग्र्यापर्यंत. इंदिराबाई त्या वेळी कलकत्त्यात होत्या. त्या रातोरात दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर रेडिओवरून देशाशी बोलल्या. आमचं गाव तेव्हा झोपलेलं. गुरुजी जागे होते की नाही माहीत नाही, पण सकाळी शाळेची घंटा होण्याआधी ते पाराजवळ उभे राहून सांगत होते. मी सहावीत होतो. राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारली म्हणजे शाळेला सुट्टी का, असं आमच्यातल्या एकानं विचारलं आणि छडी खाल्ली.

त्याच दिवशी कोतवालानं दवंडी दिली : रात्री उजेड बाहेर दिसता कामा नये, दारं-खिडक्या झाकाव्यात. मुंबई-पुण्याला ते बरोबर होतं. तिथं काचांना काळे कागद लागले, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग दिला. आमच्या गावात वीजच आली नव्हती. तरी लोकांनी कंदिलाच्या काचेला काजळी ठेवली आणि म्हाताऱ्यांनी शेकोट्या लवकर विझवल्या. थंडीत कुडकुडले, पण हुकूम पाळला.

दोन दिवसांत गावानं वर्गणी काढली. घरटी चार आणे, आठ आणे. फौजेतल्या नऊ घरांकडून घ्यायचे नाहीत असं ठरलं होतं, पण आजीनं पदराच्या गाठीतला रुपया काढून सरपंचांच्या हातावर ठेवलाच. साताऱ्याहून बॅटरी आली, चिमणीचं घरटं काढलं आणि कर्णा बोलू लागला.

तिथून पुढं रोज संध्याकाळी सगळं गाव चावडीपुढं. गडीमाणसं चावडीच्या कट्ट्यावर आणि खाली मातीत. बायकांनी चावडीवर बसायची रीत नव्हती, म्हणून त्या समोरच्या मारुतीच्या पायऱ्यांवर. आधी मराठी बातम्या, मग लोक जेवून परत यायचे ते पावणेनऊच्या हिंदी बातम्यांना. देवकीनंदन पांडे यांचा आवाज लागला की पोरंसुद्धा गप्प व्हायची. निम्मं हिंदी कळायचं नाही, पण त्या आवाजाच्या वजनावरनं लोक ओळखायचे की बातमी चांगली आहे का वाईट.

कट्ट्यावर एका खांबाला टेकून आमचे पेन्शनर आप्पा बसायचे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर ते इटलीत होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ती इटलीची लढाई. आप्पांचा रेडिओवर विश्वास कमी. ते म्हणायचे, ‘‘साहेबाच्या रेडिओत आमी रोज पुढं सरकायचो. परत्यक्षात तीन-तीन म्हैनं एकाच वड्यात बसून असायचो.’’ बातमीत एखादं गाव घेतलं असं आलं की ते विचारायचे, ‘‘कुणी घेतलं? पलटण कंची?’’ ते मात्र रेडिओ कधीच सांगायचा नाही. ‘आपल्या फौजांनी’ एवढंच.

त्या ‘आपल्या फौजां’त नाना कुठं होते, हा आमच्या घरचा प्रश्न. नाना पहिल्या मराठा पलटणीत, जिला जंगी पलटण म्हणतात. त्यांच्या शेवटच्या पत्रावर फक्त ९९ एपीओ असा शिक्का होता. त्याच्यावरनं गुरुजींनी एवढं काढलं की ते पूर्वेकडं आहेत. नोव्हेंबरची मनीऑर्डर आली होती. डिसेंबरची आली नव्हती. आजी रोज मारुतीच्या खालच्या पायरीवर बसायची आणि बातम्या संपून लोक उठले की गुरुजींना एकच विचारायची, ‘‘आमच्या पोराच्या पलटणीचं काय सांगितलं का वो त्यानं?’’

‘‘नाही सांगत आजी. शत्रूला कळंल म्हणून नाही सांगत.’’

‘‘शत्रूला कळू नये ते खरं. आईला तरी कळू द्या की.’’

आता पुस्तकं वाचल्यावर मला माहीत आहे की त्या दिवसांत नाना जमालपूरजवळ होते. ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर कर्नलनं उलट चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज ढाक्याकडं निसटायला निघाली आणि जंगी पलटणीनं अडवलेल्या रस्त्यावर येऊन आदळली. रात्रभर लढाई झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या कर्ण्यातून आलं, की आपल्या फौजांनी जमालपूर घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीनंही वाजवल्या. ते नाव आपल्याशी जोडलेलं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

याच दिवसांत रेडिओवरनं जनरल माणेकशा यांचे निरोप जाऊ लागले. ते आपल्याला उद्देशून नव्हते. पूर्व बंगालातल्या पाकिस्तानी शिपायांना आणि अधिकाऱ्यांना ते सांगत होते, की तुम्ही वेढले गेलात, परतीची वाट नाही, हत्यारं खाली ठेवा, जिनिव्हा कराराप्रमाणं तुम्हाला वागवू. आप्पांना हे फार आवडलं. जन्मभर त्यांनी रेडिओ आपल्याच माणसांना धीर द्यायला बोलताना ऐकला होता. शत्रूशी सरळ बोलणारा सेनापती त्यांनी पहिल्यांदा ऐकला. शेवटाला तर रेडिओच मध्यस्थ झाला. १५ तारखेला माणेकशांनी जाहीर केलं, की आज संध्याकाळी पाचपासून उद्या सकाळी नऊपर्यंत ढाक्यावर बॉम्ब टाकणार नाही. तेवढ्यात काय ते ठरवा. बोलण्यासाठी कुठल्या लहरींवर यायचं, दिवसा कोणत्या आणि रात्री कोणत्या, तेसुद्धा कळवलं. शेताच्या बांधावर दोन भावकीतले एकमेकांना ‘हा दगड इथंच ठेव’ म्हणून ओरडून सांगतात, तसं ते उघड्यावरचं बोलणं.

१६ डिसेंबरला गुरुवार होता, मार्गशीर्षातला शेवटचा. आमच्या आळीत दोन-तीन घरी महालक्ष्मीचा वसा असायचा, त्यांत आमचं एक. आईनं घट मांडला होता, पुरण शिजत होतं. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणून तिन्हीसांजेपासूनच काळोख. शाळू पोटरीत आला होता. पाऊस कमी झाल्यानं ताटं गुडघ्याला लागतील न लागतील एवढीच, पण पुढच्या सालाचा दुष्काळ अजून कुणाला दिसत नव्हता. मी गुरं बांधून चावडीकडं निघालो तर वाटेतच कर्ण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटला. आवाज तेवढाच होता, माणसं गप्प होती म्हणून मोठा वाटला.

ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर दुपारी ४ वाजून ३१ मिनिटांनी जनरल नियाझी यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली होती. समोर आपले जनरल अरोरा. तासाभरात इंदिराबाईंनी लोकसभेत उभं राहून ते सांगितलं आणि तिथून ते आमच्या चावडीपर्यंत आलं. बातमी देणाऱ्याचा आवाज नेहमीसारखाच सरळ होता, पण एका ठिकाणी तो किंचित थांबला असं मला वाटलं. पहिलं वाक्य झालं तरी कुणी हललं नाही. लोकांना वाटलं, अजून काही पुढं आहे. मग आप्पा खांब धरून उभे राहिले आणि त्यांनी इटलीत शिकलेला सॅल्यूट कर्ण्याकडं बघून ठोकला. तेव्हा कुठं गाव ओरडलं.

दिवाळीचे उरलेले चार फटाके कुणीतरी आणले, तोवर ते सादळले होते. गुलाल देवळात होता. हलगी आली. ज्या गावानं बारा दिवस कंदील झाकले त्यानं त्या रात्री गॅसबत्ती चावडीच्या मधोमध टांगली. नऊ फौजी घरांच्या दारात जाऊन लोक गुलाल टाकून आले. आमच्या दारात आले तेव्हा आईनं पुरणाची पोळी वाटली. आजी घरात नव्हती. ती मारुतीच्या पायरीवरच होती.

पावणेनऊच्या बातम्या झाल्या, त्यातही तेच. लोक पांगले. बॅटरी जपायची म्हणून चावडीचा रेडिओ बंद केला. गुरुजी शाळेच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर घेऊन बसले, त्यांच्याजवळ आप्पा, आजी आणि मी. मला घरी जा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

रात्री रेडिओचं वागणं बदलतं. दिवसा मीडियम वेव्हवर सांगली, पुणे, फार तर मुंबई. सूर्य बुडाला की आभाळातला लहरी शोषणारा थर नाहीसा होतो आणि लांबची केंद्रं वरनं उसळी मारून आपल्या अंगणात येऊन पडतात. तेव्हा हे कारण मला माहीत नव्हतं. गुरुजींनी काटा सरकवला की खरखरीतून माणसं बाहेर येताना दिसायची, एवढंच. आधी कलकत्ता लागलं. बंगाली कुणालाच कळत नव्हतं, पण बोलणाऱ्याचा गळा दाटून आला होता ते कळत होतं. कलकत्ता आकाशवाणीचे देवदुलाल बंद्योपाध्याय त्या काळात बंगाली माणसाच्या घराघरांत पोचले होते, त्यांना पुढं पद्मश्री मिळाली. आम्ही ऐकला तो आवाज त्यांचाच होता असं मी म्हणत नाही. बांगलादेशवाल्यांचं स्वतःचं स्वाधीन बांगला बेतार केंद्रही होतं. मार्चमध्ये चितगावजवळच्या कालूरघाटातून ते सुरू झालं, तिथं बॉम्ब पडल्यावर हलत हलत मे महिन्यात कलकत्त्याला आलं आणि तिथून चालायचं. पळून आलेल्या माणसांनी चूल मांडावी तसा त्यांनी रेडिओ मांडला होता.

मग गुरुजींनी आवाज अगदी बारीक केला आणि काटा आणखी सरकवला. पाकिस्तानचा रेडिओ लागला. उर्दू. गुरुजी थोडं ऐकायचे, मग मराठीत सांगायचे. तिकडं शरणागती हा शब्दच नव्हता. तिथल्या सेनापतींमध्ये झालेल्या समझोत्याप्रमाणं पूर्व भागातली लढाई थांबली आहे, अशी ती बातमी. याह्याखान तर त्या संध्याकाळी आपल्या लोकांना सांगत होते, की युद्ध चालूच राहील. दुसऱ्या दिवशी इंदिराबाईंनी पश्चिमेकडची लढाई रात्री आठपासून एकतर्फी थांबवली आणि त्यांनाही थांबावं लागलं.

आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘तिकडंबी कुणाची तरी आई रेडिओला कान लावून आसंल. तिला काय समजायचं ह्याच्यातनं?’’

मी पुढं कितीदा तरी यावर विचार केला. त्र्याण्णव हजार माणसं कैद झाली, त्यांत शिपाई होते, कारकून होते, बायका-पोरंही होती. त्यांच्या घरी ‘समझोता’ ऐकू आला. आपला रेडिओ त्या लढाईत बहुतेक खरं बोलला असं माझं मत आहे, पण त्याचं फार कौतुक मी करणार नाही. जिंकणाऱ्याला खरं बोलणं परवडतं. टांगाइलचंच बघा. ११ तारखेला आपली छत्रीवाली दुसरी पॅरा पलटण तिथं उतरली. एकच पलटण. पण जगभरच्या पेपरांत पाच हजारांची ब्रिगेड उतरली असं छापून आलं. त्याबरोबरचा फोटो होता आग्र्याच्या जुन्या सरावातला. संरक्षण खात्याचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांनी तो दिला होता आणि फोटो कधीचा आहे ते लिहिलं नव्हतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. ढाक्यात बसलेल्यांच्या पोटात त्या पाच हजारांनी गोळा आणला म्हणतात.

त्या रात्री ओट्यावर शेवटी बीबीसीची हिंदी सेवा लावून बघितली, पण आवाज येत-जात राहिला. गुरुजींनी रेडिओ कव्हरात घातला. आजी म्हणाली, ‘‘एवढी स्टेशनं लावली, गुर्जी. एकात तरी पोरांची यादी वाचली आसंल की.’’

‘‘यादी रेडिओवर नाही येत आजी. ती तारेनं येते.’’

हे बोलून गेल्यावर गुरुजींच्या लक्षात आलं की काय बोललो. तार कशासाठी येते ते फौजी घरांना माहीत असतं. आजी काही बोलली नाही. घरी येऊन तिनं वशाची पोळी दुरडीत झाकून ठेवली आणि तशीच निजली.

तार आली, पण आमच्या गावात नाही. पलीकडच्या गावात आली, सोळा तारखेनंतर पाच-सहा दिवसांनी. ज्या घरात आली तिथंही त्या संध्याकाळी गुलाल पडला होता. आमची माणसं चालत तिकडं गेली. जाताना कुणी रेडिओचा विषय काढला नाही.

नानांचं पत्र आलं ते जानेवारी लागल्यावर. शाईनं लिहिलेल्या चार ओळी : मी खुशाल आहे, पायाला थोडं लागलं होतं ते बरं झालं, बैलाला कुंभाराकडं दाखवा, मनीऑर्डर पाठवतो. आजीनं ते घरात वाचू दिलं नाही. संध्याकाळी लोक जमल्यावर चावडीपुढं गुरुजींना उभं केलं आणि म्हणाली, ‘‘आता हितनं वाचा. मोठ्यानं.’’ ती स्वतः पायरीवर जाऊन बसली. गुरुजींनी ते पत्र बातम्या वाचावं तसं वाचलं, आणि लोकांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

मे महिन्यात नाना रजेवर आले. तोवर विहिरींनी तळ गाठला होता. रात्री अंगणात बाजेवर पडून ते सांगायचे. टांगाइलजवळ पुंगलीचा पूल छत्रीवाल्यांनी धरून ठेवला होता, तिथं १२ तारखेला जंगी पलटण त्यांना जाऊन मिळाली. दुसरी पॅरा म्हणजे मूळची मराठा रेजिमेंटमधलीच जुनी पलटण. ‘‘कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर ऐकलेलं, हजारोंनी उतरलेत म्हणून,’’ नाना सांगायचे. ‘‘पुलावर जाऊन बघतो तर मोजकीच पोरं. आमी त्यांना इच्यारलं, बाकीची कुठं हायत? ते म्हणाले, आमीबी तेच शोधतोय.’’

आणि सोळा तारखेची संध्याकाळ? तेव्हा ते ढाक्याच्या अलीकडं एका भाताच्या खाचरात होते. ट्रान्झिस्टरचे सेल दोन दिवसांपूर्वीच संपले होते. लढाई संपल्याचं त्यांना एका ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितलं आणि कुणाला खरं वाटेना. दिल्लीहून साताऱ्यापर्यंत जे पोचलं होतं ते तिथं, तेवढ्या जवळ, अंधार पडल्यावर गेलं. अंगावर गुलाल नाही, हलगी नाही. बूट काढून पायांना वारा लागू दिला, एवढीच काय ती जयंती.

आजी जात्याजवळ बसून ऐकत होती. तिनं विचारलं, ‘‘मग त्या रातीला जेवलास का?’’

नाना म्हणाले, ‘‘दुसऱ्या दिशी दुपारी.’’